नॉर्थ एंडमध्ये राहण्याचा हक्क

२०२२ साली बोस्टन शहराने नॉर्थ एंड या जुन्या इटालियन वस्तीतील उपाहारगृहांसाठी एक वेगळा नियम केला. करोनाच्या साथीत शहरभर रस्त्यावर टेबले मांडण्याची मुभा देण्यात आली होती. ती पुढे चालू ठेवायची असेल तर नॉर्थ एंडमधील मालकांनी ७,५०० डॉलर शुल्क भरावे, असे ठरले. शहरातील इतर वस्त्यांना हे शुल्क नव्हते. पुढच्या वर्षी तर नॉर्थ एंडच्या रस्त्यांवर टेबले मांडायलाच मनाई झाली. मालक न्यायालयात गेले आणि हा इटालियन वंशाच्या लोकांविरुद्धचा भेदभाव आहे, असा दावा त्यांनी केला. त्याच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी मात्र कचरा, रात्रीचा गोंगाट आणि गाडी लावायला न उरलेली जागा यांचे गाऱ्हाणे कधीपासून मांडले होते.

एकाच वस्तीवर शुल्क लादणे मला न्याय्य वाटत नाही. पण या वादाच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि ते शुल्कापेक्षा अधिक घातक आहे. नॉर्थ एंडचे इटालियनपण तिथल्या उपाहारगृहांत आहे, म्हणून टेबलांवर आलेला निर्बंध हा त्या इटालियनपणावर आलेला निर्बंध होय, असे ते गृहीत. मला ते मान्य नाही. एखाद्या स्थलांतरितांच्या वस्तीची संस्कृती तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहू शकणाऱ्या माणसांच्या परस्परसंबंधांत असते, आणि ती टिकवायची असे एखादे शहर खरोखर म्हणत असेल, तर त्याने दर्शनी भिंती आणि खाद्यपदार्थ यांच्या आधी त्या माणसांच्या घरभाड्याचा विचार केला पाहिजे. नॉर्थ एंडचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मी याच दृष्टीने वाचतो.

चौरस मैलाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी ही जागा बोस्टनमधील सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेली कुटुंबे इथे दाटीवाटीने राहू लागली. जॉन केनेडी यांची आई रोझ यांचा जन्म १८९० साली इथल्याच गार्डन कोर्ट स्ट्रीटवर झाला. मग पूर्व युरोपातील ज्यू आले, आणि १८६० च्या दशकापासून थोडेथोडे येणारे इटालियन शतक संपता संपता हजारोंनी येऊ लागले. आधी जिनोआचे, नंतर नेपल्सच्या परिसरातील, आवेल्लिनोच्या डोंगराळ गावांतील, आब्रुत्सोचे आणि सिसिलीचे. १९३० च्या सुमारास या एवढ्याशा जागेत सुमारे ४४ हजार माणसे राहत होती आणि ती जवळजवळ सगळी इटालियन होती.

परंतु 'इटालियन' हा शब्द त्यांनी घरून आणलेला नव्हता. इटलीचे एकीकरण झाले १८६१ मध्ये. जहाजातून उतरलेल्या शेतमजुराला किंवा कोळ्याला देश म्हणून ठाऊक असे ते त्याचे गाव. इटालियन भाषेत या वृत्तीला 'कांपानिलिझ्मो' असा शब्द आहे: आपल्या गावच्या चर्चची घंटा जिथवर ऐकू येते तिथवर आपला मुलूख. नॉर्थ एंडमधील रस्तेही याच हिशेबाने वाटले गेले. सिसिलीचे कोळी नॉर्थ स्ट्रीटच्या बाजूला, इतर प्रांतांचे लोक इतर गल्ल्यांत, आणि प्रत्येक गावाची आपली मदत मंडळी. ही मंडळी वर्गणी गोळा करीत, आजारपणात व मृत्यूच्या वेळी कुटुंबाला आधार देत आणि गावच्या संताचा उत्सव भरवीत. सिसिलीतील शाक्का या बंदरातून आलेल्या कोळ्यांनी १९१० पासून मादोन्ना देल सोक्कोर्सोचा, म्हणजे साहाय्य करणाऱ्या मेरीमातेचा, उत्सव सुरू केला आणि आवेल्लिनो प्रांतातील मोन्तेफाल्चोने गावच्या लोकांनी १९१९ मध्ये संत अँथनीचा. मुंबईत गावकीच्या खोलीत राहून गावच्या देवळासाठी वर्गणी काढणारा कोकणी गिरणी कामगार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मुद्दा असा, की वेगवेगळ्या गावांची, एकमेकांची बोली नीट न समजणारी ही माणसे एकाच जिन्यावर राहिली, एकाच कारखान्यात गेली, आयरिश वर्चस्वाखालील धर्मव्यवस्थेशी आपल्या स्वतंत्र चर्चसाठी भांडली, आणि त्यातून 'इटालियन' झाली. नॉर्थ एंडची संस्कृती जहाजातून उतरवलेली नव्हती. ती त्या जिन्यांवर घडली.

बाहेरून पाहणाऱ्यांना मात्र या घडण्याचा पत्ता नव्हता. १८९४ साली बोस्टनमध्येच हार्वर्डच्या काही पदवीधरांनी 'इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन लीग' स्थापन केली; दक्षिण आणि पूर्व युरोपातील निरक्षर लोक अमेरिकेचे वाटोळे करतील, अशी तिची भूमिका होती. तिच्या प्रयत्नांना १९१७ च्या कायद्याने साक्षरतेच्या अटीचे, आणि १९२४ च्या कायद्याने राष्ट्रवार कोट्याचे फळ आले. पहिल्या महायुद्धापूर्वी ज्या इटलीतून एकेका वर्षी दोन लाखांहून अधिक माणसे येत, तिला आता वर्षाला ३,८४५ एवढाच कोटा उरला. सुशिक्षित बोस्टनला या वस्तीत काय जपण्यासारखे वाटले, हे अमेरिकी स्वातंत्र्यलढ्यातील वीर पॉल रिव्हिअर यांच्या घरावरून दिसते. साधारण १६८० साली बांधलेल्या त्या घरात एकोणिसाव्या शतकात भाडेकरू दाटीने राहत. तळमजल्यावर कधी सिगारचा कारखाना, कधी मिठाईचे दुकान, कधी इटालियन बँक होती. १९०२ साली रिव्हिअर यांच्या पणतूने ते घर विकत घेऊन पाडण्यापासून वाचवले आणि १९०८ मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडले. हे काम मोलाचेच होते. पण दुरुस्तीत ते घर वसाहतकाळातील रूपाकडे परत नेण्यात आले आणि मधल्या शंभर वर्षांत तिथे राबलेल्या स्थलांतरितांच्या खुणा पुसल्या गेल्या. इमारत वाचवताना तिच्यातील माणसे वजा करण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

त्या काळी माणसांच्या जिवाची किंमत कशी ठरत होती, याचाही एक दाखला इथेच आहे. १५ जानेवारी १९१९ रोजी कमर्शियल स्ट्रीटवरची सुमारे २३ लाख गॅलन काकवीची अजस्र टाकी फुटली आणि काकवीच्या लाटेत २१ जण मेले, दीडशेच्या आसपास जखमी झाले. टाकी बांधल्यापासूनच गळत होती. गळती दिसू नये म्हणून ती तपकिरी रंगवण्यात आली होती. ती उभी राहिली ती अशा दाट वस्तीशेजारी, जिथल्या बहुतेक रहिवाशांना मताचा अधिकार नव्हता. कंपनीने दोष ढकलला तो इटालियन अराजकवाद्यांच्या बॉम्बवर. सहा वर्षांनी न्यायालयाने नेमलेल्या चौकशी अधिकाऱ्याने तो दावा फेटाळून कंपनीलाच जबाबदार धरले. याच वर्षांत साक्को आणि व्हान्झेत्ती या दोन अराजकवादी इटालियनांवर खुनाचा खटला चालला. त्यांच्या बचाव समितीचे कार्यालय वस्तीच्या मुख्य रस्त्यावर, हॅनोव्हर स्ट्रीटवर होते, आणि २३ ऑगस्ट १९२७ रोजी त्यांना देहदंड दिल्यावर त्यांची अंत्ययात्रा नॉर्थ एंडमधूनच निघाली. तो खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता, हे मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांनी अधिकृतपणे मान्य केले ते पन्नास वर्षांनी, १९७७ मध्ये.

यापुढचा भाग या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यात एकाच शहराने शेजारशेजारच्या दोन वस्त्यांचे काय केले हे जोडीने पाहायला मिळते.

नॉर्थ एंडच्या पश्चिमेला वेस्ट एंड होता. तिथे इटालियन कुटुंबे सर्वांत जास्त, त्यांच्याबरोबर ज्यू, पोलिश आणि इतर. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने जुन्या वस्त्या पाडण्यासाठी शहरांना केंद्राचा पैसा उपलब्ध करून दिला होता. बोस्टनने वेस्ट एंड 'स्लम' ठरवला आणि १९५८ पासून सुमारे ४८ एकरांवरील जवळजवळ सगळे पाडून टाकले. अडीच हजारांहून अधिक कुटुंबे विखुरली. त्या जागी उंच इमारतींमध्ये श्रीमंतांसाठी घरे उभी राहिली आणि शेजारच्या हमरस्त्यावर फलक लागला, की तुम्ही इथे राहत असता तर आत्ता घरी पोचला असता. ज्यांची घरे इथे होती तेही त्या रस्त्याने जात असतील, हा विचार तो फलक लावणाऱ्याच्या मनात आला नसावा, याचे मला आजही वाईट वाटते.

पाडण्यापूर्वीच्या महिन्यांत हर्बर्ट गॅन्स हे समाजशास्त्रज्ञ तिथे राहायला गेले होते. त्यांना दिसले ते बकाल, विस्कटलेले जग नव्हते. नातेवाइकांच्या घट्ट जाळ्यावर उभे असलेले, कमी भाड्यात नीट चाललेले कष्टकऱ्यांचे जीवन होते. घरे जुनी होती, पण घर जुने असणे आणि ते राहण्यास घातक असणे यांत फरक आहे, हे त्यांनी नेमके मांडले. मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड यांनी स्थलांतरानंतर या कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा जवळजवळ निम्म्या स्त्रियांत बऱ्याच तीव्र शोकाची लक्षणे आढळली. शोक हा शब्द त्यांनी विचारपूर्वक वापरला होता. माणूस गेल्यावर होते ते दुःख त्यांना घर आणि गल्ली गेल्यानंतर दिसले. आपल्याकडे १९७१ च्या झोपडपट्टीविषयक कायद्याच्या नावात 'सुधारणा' आणि 'पुनर्विकास' यांच्यामध्ये 'निर्मूलन' हा शब्द आहे. रोगाचे निर्मूलन करतात. वस्तीला तो शब्द लागला, की तिथल्या नात्यांची मोजदाद करण्याची गरज कोणाला वाटेनाशी होते, आणि बोस्टनमध्ये नेमके तेच झाले.

नॉर्थ एंडही त्याच यादीत जाऊ शकला असता. १९५९ मध्ये शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स तिथे गेल्या, तेव्हा रंगवलेल्या भिंती, गजबजलेले पदपथ आणि दुरुस्त केलेली घरे पाहून त्यांना नवल वाटले. त्यांनी शहरातील एका ओळखीच्या नियोजकाला फोन केला, तर तो म्हणाला की ती शहरातील सर्वांत वाईट गलिच्छ वस्ती आहे. त्याच्याजवळचेच आकडे मात्र सांगत होते, की बालगुन्हेगारी, रोगराई आणि बालमृत्यू यांचे प्रमाण तिथे शहरात सर्वांत कमी असलेल्या ठिकाणांपैकी होते. त्यालाही संध्याकाळी तिथे हिंडायला आवडे. तरीही ती वस्ती कधीतरी पाडून नव्याने बांधावीच लागेल, असे त्याचे मत होते. एका बँकवाल्याने जेकब्स यांना सांगितले, की महामंदीनंतरच्या पंचवीस वर्षांत पंधरा हजार माणसांच्या या भागात दिलेले सर्वांत मोठे गहाण कर्ज ३,००० डॉलरचे होते आणि तशीही फारच थोडी. मग दुरुस्ती झाली कशी? वस्तीतील दुकानांच्या व घरभाड्यांच्या मिळकतीतून, आणि श्रमांच्या देवाणघेवाणीतून: गवंड्याने नळकाम करणाऱ्याचे घर लिंपले, त्याने याच्या मोऱ्या केल्या.

ही देवाणघेवाण मला उत्सवातील मिरवणुकीपेक्षाही अधिक 'इटालियन' वाटते, कारण ज्या शहराने पैसा नाकारला त्या शहरात ती उभी राहिली. तिच्यासाठी तीन गोष्टी लागत होत्या. कारागीर तिथेच राहायला हवे होते, घरांचे मालक तिथलेच किंवा तिथल्यांचे नातलग असायला हवे होते, आणि आज केलेल्या कामाची परतफेड पाच वर्षांनी झाली तरी चालेल एवढी खात्री हवी होती, म्हणजेच पाच वर्षांनी समोरचा माणूस तिथेच असेल याची खात्री. समाजशास्त्रज्ञ विल्यम फूट व्हाइट यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्थ एंडमध्ये एका इटालियन कुटुंबाकडे राहून कोपऱ्यावरच्या पोरांचा अभ्यास केला होता. त्यांचाही निष्कर्ष असा, की या वस्तीत संघटनेचा अभाव नाही. तिची स्वतःची संघटना आहे, पण भोवतालच्या समाजाशी तिचा सांधा जुळत नाही.

बुलडोझर आला नाही, पण उन्नत महामार्ग आला. १९५० च्या दशकात बांधलेल्या सेंट्रल आर्टरीने नॉर्थ एंड शहराच्या मध्यभागापासून कापून काढला. या लोखंडी भिंतीने वस्तीचे नुकसान केले आणि नकळत तिला झाकूनही ठेवले. पुढे १९७० च्या दशकात बंदरावरच्या जुन्या गोदामांची महागडी घरे झाली, १९७६ मध्ये जवळची क्विन्सी मार्केट ही जुनी बाजारपेठ नव्या रूपात उघडली, आणि पर्यटकांचा ओघ हॅनोव्हर स्ट्रीटकडे वळला. १९९४ च्या राज्यव्यापी जनमत कौलाने घरभाडे नियंत्रण रद्द झाले; ज्या तीन नगरांत ते लागू होते त्या बोस्टन, केंब्रिज आणि ब्रुकलाइनमधील मतदारांनी ते ठेवावे असाच कौल दिला होता, पण उर्वरित राज्याच्या मतांपुढे तो टिकला नाही. मग महामार्ग जमिनीखाली गेला आणि २००८ मध्ये त्या जागेवर बाग उघडली. बाग सुंदर आहे, आणि जखम भरून काढणे योग्यच होते. परंतु भाडे नियंत्रण नसलेल्या वस्तीसमोर बाग उघडली, की त्या बागेची किंमत भाडेकरू मोजतो. आज नॉर्थ एंडमध्ये दहा हजारांच्या आसपास माणसे राहतात. त्यांत तरुण नोकरदार आणि विद्यार्थी पुष्कळ आहेत. जुनी इटालियन कुटुंबे थोडी उरली आहेत.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. बहुतेक इटालियनांना कोणी हाकलले नाही. ते आपण होऊन गेले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारी मदतीने घरकर्ज मिळाले, मेडफर्ड आणि सॉगससारख्या उपनगरांत अंगण असलेली घरे मिळाली, आणि ज्या जिन्यावर चार कुटुंबांत एक संडास होता तिथे मुले वाढवण्याची त्यांना हौस नव्हती. हे खरे आहे, आणि गरिबीचे गोडवे गाण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही. या घट्ट विणीची दुसरी बाजूही होती. परक्याला, विशेषतः कृष्णवर्णीयांना, ही वस्ती सहज जवळ करीत नसे; आणि बाहेरच्यापुढे तोंड न उघडण्याच्या तिच्या सवयीच्या आडोशाने प्रिन्स स्ट्रीटवरून एका गुन्हेगारी टोळीचा कारभार अनेक वर्षे चालला.

पण या आक्षेपातून निष्कर्ष काय निघतो? जो जाऊ इच्छितो त्याला जाता आले पाहिजे, एवढाच. ज्याला राहायचे आहे त्याला राहता येऊ नये, असा तो निघत नाही. सत्तरी ओलांडलेली बाई चाळीस वर्षांच्या भाड्याच्या घरातून निघते, तेव्हा तिला आणि उपनगरात घर घेणाऱ्या तिच्या भावाला 'गेले' हे एकच क्रियापद लावणे चूक आहे. आणि वस्ती बंदिस्त होती हा दोष मान्य केला, तर त्यावरचा उपाय म्हणजे नव्याने येणाऱ्या कष्टकऱ्यांनाही तिथे परवडणारी जागा मिळणे. जागा फक्त पैसेवाल्यांना मिळू लागली, तर वस्ती मोकळी झाली असे म्हणता येत नाही.

अमेरिकेतील मराठी वाचकांनी हा प्रश्न दुसऱ्यांचा समजू नये, असे मला मनापासून वाटते. ज्या १९१७ च्या कायद्याने इटालियन शेतकऱ्यापुढे साक्षरतेची परीक्षा ठेवली, त्याच कायद्याने भारतासह बहुतांश आशियाला दार बंद केले. १९४६ नंतरही भारताचा वार्षिक कोटा १०० होता. राष्ट्रवार कोट्याची ही पद्धत १९६५ मध्ये रद्द झाली, आणि त्यासाठी इटालियन, ग्रीक, पोलिश वंशाच्या अमेरिकनांच्या संघटना वर्षानुवर्षे झगडल्या होत्या. त्यांनी उघडायला लावलेल्या त्या दारातून मराठी डॉक्टर आणि अभियंते आत आले. ते दाट वस्तीत न राहता थेट उपनगरांत विखुरले, म्हणून मराठी मंडळाचा गणपती शाळेच्या भाड्याच्या सभागृहात बसतो आणि लोक गाडीने येतात. मोन्तेफाल्चोनेच्या वारसांचा उत्सव आज त्याच अवस्थेकडे चालला आहे. फरक इतकाच, की त्यांच्याजवळ एकेकाळी गल्ली होती.

बोस्टनला हे उलगडलेले नाही असे नाही. २०१५ साली पुनर्विकास संस्थेच्या संचालकांनी वेस्ट एंडबद्दल जाहीर माफी मागितली. २०१८ मध्ये शहराने गुंतवणूकदारांना राहती घरे पर्यटकांना रोजाने देण्यास बंदी केली. नॉर्थ एंडसारख्या वस्तीत या एका नियमाचे मोल मोठे आहे आणि त्याची अंमलबजावणी ढिली पडू देता कामा नये. वृद्धांसाठीची 'कासा मारिया'सारखी परवडणारी घरे तिथे आहेत. ती वाढली पाहिजेत, आणि ती वाढवण्यासाठी शहराने जुन्या इमारती स्वतः विकत घेऊन सामाजिक संस्थांच्या हाती दिल्या पाहिजेत. भाडेवाढीवर मर्यादा घालण्याचा अधिकार राज्याने शहराला परत द्यावा, ही मागणीही मला रास्त वाटते. त्यातून नवी बांधणी मंदावते हा धोका खरा आहे, पण नॉर्थ एंडमध्ये नव्या बांधणीला मुळात जागाच नाही. आणि रस्त्यावरच्या टेबलांबाबत बोलायचे तर, निर्णयापूर्वी उपाहारगृहांच्या मालकांइतकेच वजन वरच्या मजल्यावरील भाडेकरूच्या म्हणण्याला मिळाले पाहिजे, मग त्याचे आडनाव इटालियन असो वा नसो.

दर ऑगस्टमध्ये शाक्काच्या कोळ्यांच्या उत्सवाचा शेवट देवदूताच्या उड्डाणाने होतो. नॉर्थ स्ट्रीटवरील एका घराच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून देवदूताच्या वेशातील लहान मुलीला दोराला बांधून गर्दीच्या डोक्यावर सोडतात, आणि ती खाली थांबलेल्या मादोन्नाच्या मूर्तीपुढे इटालियनमध्ये प्रार्थना म्हणते. दोर धरणारे, मूर्ती खांद्यावर घेणारे, मूर्तीच्या फितीला नोटा टाचणारे यांतील बरेच जण या कोळ्यांचे नातू आणि पणतू आहेत. रविवारी रात्री उत्सव आटोपला, की ते गाड्या काढतात आणि मेडफर्डला, सॉगसला, आपापल्या घरी परततात.